जाणत्या गिऱ्हाइकाचे मौन

आपल्या करार कायद्यात एक आजारी घोडा आहे. कायदा १८७२ सालचा. त्याचे सतरावे कलम फसवणूक कशाला म्हणावे हे सांगते आणि मग, वाचणाऱ्याच्या डोक्यात उजेड पडावा म्हणून, चार उदाहरणे देते. 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे 'अ'ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, पण 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झालेली आहे. आता मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन," आणि 'अ' गप्प बसतो. हे गप्प बसणे बोलण्यासारखेच. चौथ्यात घोडा नाही. दोन व्यापारी आहेत आणि भावात होणाऱ्या फरकाची खासगी बातमी एकाला लागलेली आहे. ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही.

कायद्याची पुस्तके रुक्ष असतात असे म्हणतात; मला तर हे कलम एखाद्या गोष्टीसारखे वाटते. परक्याशी गप्प बसलेला चालतो, मुलीशी चालत नाही! म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की गप्प बसणे ही काही फार शोभेची गोष्ट नव्हे; फक्त सगळ्या जगाला मुलगी मानायला तो तयार नाही. पण या घोड्यांच्या तिन्ही गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. जाणता आहे तो विकणारा, आणि अजाण आहे तो घेणारा. उलटे झाले तर? घोडा आजारी आहे असे मालकालाच वाटते आहे, आणि त्याच्या खुरात फक्त एक खडा अडकला आहे हे गिऱ्हाइकाने ओळखले आहे, तर?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो सहासात वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने अमेरिकेतून फोनवर विचारला, आणि त्यात घोड्याऐवजी मोटार होती.

भाचा मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो. तिकडे वर्षातले चार महिने बर्फाचे. त्याला गाडी हवी होती ती चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, आणि मागे लांब, छपरासकट पाठीपर्यंत गेलेली. म्हणजे ज्याला इंग्रज एस्टेट आणि अमेरिकन स्टेशन वॅगन म्हणतात ती. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही. टाटांनी १९९२ साली एक एस्टेट काढली होती, ती काहींना आठवत असेल. पण आपल्या लोकांना डिकी वेगळी दिसल्याशिवाय मोटार घेतल्यासारखे वाटत नाही. बर्फाच्या आणि डोंगराच्या मुलखांत मात्र या गाडीवर माणसांचा जीव असतो. जपानमध्ये १९७२ साली सुबारू कंपनीने लिओन नावाची चारचाकी जोराची एस्टेट बाजारात आणली आणि शेतावर, जंगलात, बर्फात जाणारे वाहन म्हणजे जीपच हवी, हा समज हळूहळू मोडला. सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिकांचे नाव, हे इथे सहज सांगून ठेवतो. कंपनीच्या चिन्हात सहा तारका आहेत. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या आपल्या कृत्तिकाही सहाच; दिवाळी अंकात त्यांची आठवण झाली तर गैर नव्हे.

भाच्याला जी गाडी सापडली ती कोणत्या कंपनीची होती हे सांगण्याचे कारण नाही. पंधराएक वर्षे वापरलेली, एका वयस्क, निवृत्त शिक्षिकेची. नवरा वारलेला. तोच गाडीचे सगळे पाहत असे. बाईंनी भाच्याला आधीच सांगितले, "वळताना गाडी आखडते, धक्के देते. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त लागतील. भंगारवाला पाचशे डॉलर देतो आहे. तू पाचशे दे आणि घेऊन जा."

आता या गाड्यांची एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. मोटार वळते तेव्हा तिची चारही चाके सारखे अंतर तोडीत नाहीत. बाहेरचे चाक जास्त चालते, आतले कमी. पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्या वाटाही वेगळ्या पडतात. साध्या गाडीत पुढच्या-मागच्या जोड्यांचा एकमेकींशी संबंध नसतो, म्हणून त्यांचे भांडण होत नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत त्या दोन जोड्या एकाच दावणीला बांधलेल्या; म्हणून मध्ये एक क्लच किंवा तसलेच काही सैल सोडणारे यंत्र बसवावे लागते. वळणावर ते थोडे घसरते, सरळ रस्त्यावर स्वस्थ असते. पण समजा, पुढे दोन कोरी टायरे घातली आणि मागची दोन झिजलेलीच ठेवली. कोऱ्या टायरचा थर आठ मिलिमीटर, झिजलेल्याचा तीन. त्रिज्येत पाच मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे घेरात सुमारे एकतीस मिलिमीटरचा. साधारण दोन मीटर घेराच्या चाकाला किलोमीटरमागे पाचशे फेरे पडतात. झिजलेल्या चाकाला सातआठ जास्त पडतील. आता ते मधले यंत्र सरळ रस्त्यावरसुद्धा क्षणभर स्वस्थ बसत नाही. तापते, झिजते, आखडते. अशा गाड्यांच्या काही कंपन्या चार टायरांच्या घेरांत सहा मिलिमीटरांहून जास्त फरक नको म्हणतात तो एवढ्यासाठी. चार बैलांच्या गाड्याला एक जोडी उंच आणि एक ठेंगणी जुंपली तर काय होईल, हे ज्याने पाहिले आहे त्याला एवढे गणित लागणार नाही.

बाईंच्या गाडीला पुढे दोन नवी टायरे होती.

भाच्याने ती पाहिली, खाली वाकून मागच्यांवरून अंगठा फिरवला, आणि उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात तो प्रश्न उभा होता. गिअरबॉक्स गेलेला नसावा. चार सारखी टायरे घातली, साडेचारशे डॉलर खर्चले, की ही गाडी बहुधा नीट चालेल. आणि नीट चालणाऱ्या अशा गाडीला तिकडे साडेतीन हजार सहज येत होते. कायदा त्याच्या बाजूने होता. मॅसॅच्युसेट्सचा कायदा आपल्या घोड्याच्या कायद्याहून कडक आहे. तिथे घरगुती विक्री करणाऱ्यानेही, गाडीच्या सुरक्षिततेला किंवा वापराला मोठी बाधा आणणारे जे दोष त्याला ठाऊक असतील ते सांगितलेच पाहिजेत, नाहीतर तीस दिवसांच्या आत सौदा मोडता येतो. पण हे सगळे विकणाऱ्यासाठी. गिऱ्हाइकाला ठाऊक असलेल्या गुणांबद्दल कायदा काही म्हणत नाही.

त्याने एक दिवस मागून घेतला आणि घरी फोन केले. त्याच्या बायकोचे म्हणणे असे, "दोन हिवाळे तू मित्राच्या गाडीखाली पाठीवर पडून हे शिकलास. बोटे गोठवून घेतलीस. त्या विद्येची किंमत शून्य का? डॉक्टर रोग ओळखतो तो फुकट ओळखतो का?" माझ्या बहिणीचे, म्हणजे त्याच्या आईचे म्हणणे एका वाक्याचे होते. "अरे, त्या बाईंनी तुला सगळे सांगितले ना?" आणि मग मला फोन. "मामा, तुम्ही काय केले असते?"

माझ्या बहिणीच्या वाक्यात सगळे उत्तर आहे असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते. पण सुनेचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, आणि आपल्याकडचे नीतीचे पुष्कळसे लेख असे मुद्दे झटकूनच लिहिलेले असतात, म्हणून तो जरा उलगडून पाहू.

पुण्यामुंबईच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. त्यात कोणाला दहावीस रुपयांत एखादी दुर्मिळ पहिली आवृत्ती मिळाली, तर तो ती मित्रांना दाखवीत फिरतो. त्याला कोणी चोर म्हणत नाही. का? विक्रेता अजाणच होता की. पण तो व्यापारी आहे. तो रद्दी वजनावर घेतो आणि ढिगाने विकतो. त्या ढिगात कधी सोने असेल हे त्याला ठाऊक आहे, आणि ते शोधण्याचे कष्ट वाचवण्यासाठीच त्याने सगळ्यांना एक भाव लावलेला आहे. तो पुस्तक विकीत नाही, संधी विकतो. बैलबाजारातही तेच. दात पाहून दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे ज्याने त्याने ओळखायचे. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरायचा. तिथे दोन्हीकडे जाणते असतात आणि डोळ्याला डोळा भिडलेला असतो. त्या खेळाला उतरलेल्या माणसाची कीव करणे हा त्याचा अपमान आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असाच एक सौदा तपासला होता. १८१५ साली न्यू ऑर्लिन्सला एका व्यापाऱ्याला पहाटे बातमी लागली की इंग्लंडशी तह झाला, युद्ध संपले. म्हणजे बंदर मोकळे होणार आणि तंबाखूचा भाव चढणार. बातमी गावभर होण्याच्या आत त्याने १११ पिंपे तंबाखू खरेदी केली. भाव वाढण्यासारखे काही तुमच्या कानावर आहे का, असे त्याला विचारण्यात आले होते. तो गप्प राहिला. १८१७ साली न्यायमूर्ती मार्शल यांनी म्हटले की, बाहेरच्या घडामोडींची बातमी, जी दोघांनाही सारखीच मिळण्याजोगी आहे, ती सांगण्यास घेणारा बांधलेला नाही. मात्र दुसऱ्याची दिशाभूल होईल असे काही बोलू वा करू नये. 'बाहेरच्या' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तह ही तंबाखूच्या पानातली गोष्ट नव्हे. ती जगातली गोष्ट आहे, दुपारपर्यंत सगळ्यांना कळणारी. बाईंच्या गाडीची टायरे बाहेरची नव्हेत. ती त्यांच्याच मालकीची आहेत. भाच्याला जे ठाऊक झाले ते त्यांच्याच वस्तूविषयीचे होते, त्यांच्याच अंगणात, त्यांनी विश्वासाने फाटक उघडल्यावर.

आणि विद्येची किंमत? ती मिळालीच पाहिजे. पण डॉक्टर रोग ओळखतो आणि रोग्याला सांगून फी घेतो. रोग्याला न सांगता, हा आता फार दिवसांचा नाही असे त्याचे त्यालाच वाटू देऊन, त्याचे घर स्वस्तात विकत घेत नाही. विद्येचे मोल घेणे वेगळे, दुसऱ्याच्या अज्ञानाचे भाडे खाणे वेगळे. भाच्याने उघडपणे शंभर-दोनशे डॉलर मागितले असते तर मी त्याला काही म्हटले नसते.

सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये, अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ऱ्होड्सच्या दुष्काळात धान्याचे जहाज घेऊन आलेला व्यापारी आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने सांगावे की नाही, यावर दोन तत्त्वज्ञांना त्याने भांडत ठेवले आहे. सांगावे असा शेवटी सिसेरोचा कौल. पण मला त्यातली स्केव्होलाची गोष्ट अधिक आवडते, कारण ती गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. स्केव्होला शेत घ्यायला गेला आणि मालकाला एकच किंमत सांगायला लावली. ती ऐकून म्हणाला, माझ्या मते याची किंमत जास्त आहे. आणि एक लाख सेस्टर्स वर दिले. सिसेरो म्हणतो, हे सज्जनाचे काम नव्हे असे कोणी म्हणत नाही. शहाण्याचे नव्हे असे मात्र म्हणतात. दोन हजार वर्षांत या टोमण्यात फारसा फरक पडलेला नाही.

मी कपाटातून सिसेरो काढून ही पाने शोधली आणि भाच्याला फोन लावला तोवर तो बाईंना सांगून मोकळा झाला होता! तत्त्वज्ञान असेच उशिरा पोचते.

त्याने सांगितले तेही नेमके सांगितले, हे मला विशेष वाटले. "गिअरबॉक्स ठीक आहे" असे तो म्हणाला नाही, कारण ते त्याला ठाऊक नव्हते. टायरांमुळे आखडत असेल असा संशय आहे, म्हणाला. पण अशा स्थितीत गाडी किती महिने चालली आहे त्यावर मधला क्लच किती झिजला ते अवलंबून. मग मित्राकडून चार सारखी टायरे उसनी आणली, घातली, आणि बाईंना शेजारी बसवून मोकळ्या पटांगणावर गाडीचे आठाचे आकडे काढले. धक्के गेले. अगदी घट्ट वळणावर किंचित ओढ राहिली. तेवढी झीज झालेली होती. म्हणजे साडेतीन हजारांची गाडी नव्हे आणि पाचशेचे भंगारही नव्हे. बाईंनी अठराशे सांगितले. त्याने दिले. बाईंनी आतून नवऱ्याची एक जाड फाइल आणून दिली, त्यात गाडी घेतल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती होती.

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध झाला. तीन मासिकांनी तो आधी परत केला होता. २००१ साली त्याला नोबेल मिळाले त्यामागे मुख्यतः हाच निबंध. सांगणे थोडक्यात असे: गाडी चांगली की वाईट हे फक्त विकणाऱ्यालाच कळत असेल, तर घेणारा मध्यम भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, वाईट गाडीचा होतो, आणि हळूहळू बाजारात वाईट गाड्याच उरतात. अविश्वासाने चांगला मालच बाजारातून उठतो. त्या पावत्यांच्या फाइलीची किंमत यावरून कळावी. आणि गिऱ्हाइके माझ्या भाच्याच्या बायकोचे ऐकू लागली, तर मनमोकळ्या बायकाही फाटक उघडायच्या थांबतील.

पुढे त्याने गाडी सुधारली. या 'सुधारणे' शब्दावर थोडे बोलायला हवे. सिसेरोच्याच पुस्तकात सिराक्यूजचा एक सावकार आहे. त्याला आपला बाग एका हौशी रोमनाच्या गळ्यात बांधायचा होता. त्याने कोळ्यांना बोलावून सांगितले, उद्या बागेसमोर होड्या आणा आणि मासे धरा. पाहुणा जेवायला आला तो समोर होड्याच होड्या, पायाशी मासळीचे ढीग. त्याने बाग घेतला. दुसऱ्या दिवशी एक वल्हेसुद्धा दिसेना; शेजारी म्हणाला, इथे कधी कोणी मासे धरीत नाही. ही बागेची सुधारणाच होती, एका दिवसापुरती. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे कोळी अजून आहेत. बर्फावर टाकलेल्या मिठाने गाडीचे पोट गंजते. त्या गंजावरच काळा, रबरासारखा लेप फासला की गाडी खालून नव्यासारखी दिसते, आणि आत अडकलेल्या ओलीने गंज आणखी वेगाने खातो.

भाच्याने गंज आधी खरवडला. पांढरा पत्रा लागेपर्यंत. मग लेप. इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलला, जो तुटेपर्यंत कोणाला दिसत नाही. सांध्यांचे रबरी बुश, चाकाच्या आसाची फाटकी बूटे, ब्रेकचे जुने तेल. शेजारच्याने तसलीच गाडी दोन इंच उंच करून पुढे चार दिवे लावले होते. याच्या गाडीत पाहुण्याला दाखवावे असे काही नव्हते. नोव्हेंबरात त्याने बर्फाची वेगळी टायरे घातली. चारही चाकांना जोर असताना ती कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "मामा, चार चाकांचा जोर गाडी हलवायला उपयोगी. थांबवायला नाही. थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच, तिथे फक्त टायर." बर्फात पहिल्याने उलटतात त्यांत अशा गाड्यांचे मालक पुष्कळ असतात म्हणे, कारण निघताना चाक फसले नाही म्हणून त्यांना वाटते रस्ता कोरडाच आहे.

मिलिंद राजा रथात बसून आला तेव्हा नागसेनाने त्याला विचारले होते, रथ म्हणजे काय? चाक का? आस का? जू का? यांतले काहीच रथ नव्हे, आणि यांच्याबाहेरही रथ नाही. रथ हे नाव. भाच्याच्या गाडीत पाच वर्षांनी किती भाग बाईंच्या गाडीचे उरले असतील कोण जाणे. पण फाइल तीच होती. आता तिला त्याची वही जोडली गेली होती. काय बदलले, कधी, किती मैलांवर, आणि काय अजून बदललेले नाही. त्या किंचित ओढीची नोंद पहिल्याच पानावर होती.

गेल्या वर्षी त्याला नोकरीसाठी टेक्ससला जावे लागले आणि त्याने गाडी विकायला काढली. एक विद्यार्थी आला, विशीतला. भाच्याने त्याला घट्ट वळणावरची ओढ दाखवली, फाइल दिली, वही दिली, चार टायरे नेहमी एकदम बदलायची हे दोनदा सांगितले. पोराने फाइल न उघडताच मागच्या लांब जागेत टाकली, आपली पाठपिशवी तिच्यावर ठेवली आणि विचारले, हीटर चालतो ना?